पसंतीचा दुसरा आकडा

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातले माध्यमिक शिक्षक विधान परिषदेसाठी पुणे विभाग शिक्षक मतदारसंघात मत देतात, ते मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहून. १ आवश्यक, पुढचे ऐच्छिक. फ्रान्समध्ये अध्यक्षपदासाठी कोणालाच बहुमत न मिळाल्यास दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. आपल्याकडे ते काम मोजणीतच उरकते. त्यामुळे विजेत्याला निम्म्याहून अधिक मते मिळतातच, असे सांगितले जाते. आम्हांला हे पटत नाही.

समजा, वैध मते १००, म्हणजे कोटा ५१. ‘अ’ला ४०, ‘ब’ला ३५, ‘क’ला २५. ‘क’ बाद. त्याच्या २५ पैकी १५ जणांनी नुसता १ लिहून पेन खाली ठेवलेले. बाकीच्यांपैकी ९ मते ‘ब’कडे, १ ‘अ’कडे. ‘ब’ ४४, ‘अ’ ४१. आता ‘अ’ही बाद, आणि कोटा न गाठताच ‘ब’ विजयी! ती १५ मते मोजणीतून गळाली. फेरमतदानात त्यांनीच निकाल फिरवला असता.

पाच जिल्ह्यांत पुन्हा केंद्रे मांडण्याचा खटाटोप वाचतो, हे खरे. वर्गप्रतिनिधी एकदा असा निवडून पाहा. आणि नुसता १ लिहिलेल्या चिठ्ठ्या मुलांकडून वेगळ्या मोजून घ्या.