लंकेच्या सांडण्या : रामकथा, फड आणि उंट

कुंभकोणमच्या रामस्वामी मंदिरात प्रदक्षिणामार्गाच्या भिंतींवर रामकथा चित्रित केलेली आहे. तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्णत्वास गेलेल्या या मंदिरात भाविक चालत राहतो आणि कथा प्रसंगाप्रसंगाने उलगडते. तिच्यातील लंका सीतेच्या बंदिवासाची. मारवाडातील पाबूजींच्या फडातही लंका आहे, दशमुखी रावण आहे. परंतु तेथे उंटांचे कळप आहेत. या दोन लंका ताडून पाहिल्या म्हणजे भारतीय चित्रपरंपरेतील उंटाचे एक वेगळेच स्थान लक्षात येते.

लोककथेत पाबूजी हे लक्ष्मणाचे अवतार. पुतणी केलमच्या विवाहात लंकेच्या सांडण्या आंदण देण्याचे वचन त्यांनी दिले. हरमल राईका जोग्याच्या वेशात लंकेचा शोध घेऊन आला. मग पाबूजींनी रावणाला मारून कळप आणला. मारवाडात उंट आला तो असा, ही राईका पशुपालकांची श्रद्धा. रामायणात लंकेहून स्त्री परत आणली जाते. येथे स्त्रीला दिलेला शब्द पाळण्यासाठी उंट आणला जातो.

ढोला-मारूच्या लघुचित्रांत उंट हे प्रेमिकांचे वाहन आहे. तेथे त्याचा वेग आणि साज महत्त्वाचा. मराठीतील ‘सांडणीस्वार’ आणि ‘उंटावरचा शहाणा’ या शब्दांतही उंटापेक्षा स्वारच मोठा. फडात मात्र उंट हेच धन आणि तीच वचनपूर्ती.

हा अर्थ केवळ पटावर नसतो. फडातील प्रसंग कालक्रमाने नव्हे, तर स्थळांनुसार मांडलेले असतात. मध्यभागी पाबूजींचा कोळूचा दरबार. रात्री भोपा रावणहत्था वाजवीत गातो, भोपी दिवा धरते. उजेड पडेल तो प्रसंग बोलू लागतो. गायनाविना भिंतीवर टांगलेला फड म्हणूनच अर्धाच वाचला जातो.

राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यपशू ठरविले. तरीही 2012 च्या पशुगणनेत देशात सुमारे 4 लाख असलेले उंट 2019 मध्ये सुमारे अडीच लाखांवर आले. कुंभकोणमच्या भिंतीवरील कथेला भाविकाची पावले पुरतात. फडाला भोपा हवा, दिवा हवा आणि ज्याच्या दारी सांडणी आहे असा श्रोताही हवा. फडाचा अभ्यास केवळ चित्रशैलीपुरता मर्यादित ठेवल्यास या श्रोत्याची नोंदच राहणार नाही.