शब्द बदलला, व्याख्या तीच!

उत्क्रांतीबरोबर निर्मितीवादही शिकवावा, म्हणजे मुलांना दोन्ही बाजू कळतील, हे म्हणणे वरवर रास्त वाटते. याच भूमिकेतून अमेरिकेत लिहिले गेलेले ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ (१९८९) हे पुस्तक म्हणूनच आम्हांला तपासून पाहावेसे वाटते.

पुस्तकाचे प्रतिपादन असे: कोणा बुद्धिमान शक्तीमुळे सजीवांचे प्रकार एकाएकी अवतरले, मासे पहिल्यापासूनच पर आणि खवल्यांसह, पक्षी पिसांसह.

उत्क्रांती शिकवली तर निर्मितीवादही शिकवलाच पाहिजे, असा लुइझियाना राज्याचा कायदा होता. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यानंतर या पुस्तकाच्या मसुद्यात ‘निर्मिती’च्या जागी ‘बुद्धिमान रचना’ हे शब्द आले. व्याख्या मात्र तीच राहिली! पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील खटल्यात २००५ साली हे उघड झाले. विज्ञानात पुराव्यामुळे मत बदलते. येथे निकालामुळे नुसते नाव बदलले.

आता उत्क्रांतीकडे पाहू. मासे आणि चतुष्पाद यांच्या मधला प्राणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळावा, अशी अपेक्षा होती. २००४ साली उत्तर कॅनडात तसा ‘टिक्टालिक’ मिळाला: अंगावर खवले, पण मान वळणारी आणि परांमध्ये मनगटासारखी हाडे.

डोव्हरच्या विज्ञानशिक्षकांनी या पुस्तकाची शिफारस करणारे निवेदन वर्गात वाचण्यास नकार दिला. तो आम्हांला योग्य वाटतो. ‘काय सापडले तर हे चूक ठरेल?’ या प्रश्नाला ज्या पुस्तकाजवळ उत्तर नाही, ते विज्ञानाच्या तासाला नेऊ नये.