‘ईझी रायडर’मधील मोटारसायकल : प्रतिमा आणि श्रेय

प्रस्तावना :
डेनिस हॉपर दिग्दर्शित ‘ईझी रायडर’ (१९६९) हा चित्रपट अमेरिकी तरुणांच्या स्वातंत्र्याकांक्षेचा दस्तऐवज मानला जातो. १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. वायट आणि बिली यांचा लॉस एंजेलिस ते न्यू ऑर्लिन्स हा प्रवास हे त्याचे कथानक असले, तरी स्मरणात राहते ती वायटची ‘कॅप्टन अमेरिका’ ही मोटारसायकल. तिच्या निर्मितीचा इतिहास वगळून या चित्रपटाचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

विवेचन :
पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांचे सुटे भाग कापून, वाढवून चित्रपटातील ‘चॉपर’ गाड्या घडविण्यात आल्या. त्यांतील ‘पॅनहेड’ इंजिनाचे उत्पादन १९६५ मध्येच थांबले होते. हे काम प्रामुख्याने क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीयांचे होते. व्हॉज नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्ते, तर हार्डी लॉस एंजेलिसमधील कुशल कारागीर. श्रेयनामावलीत मात्र गाड्यांचे निर्माते म्हणून दोघांचाही उल्लेख नाही.

त्या काळी वाहन घडविणाऱ्यांना श्रेय देण्याचा प्रघात नव्हता, असे समर्थन करता येईल. परंतु येथे वाहन ही केवळ साधनसामग्री नाही. टाकीवर राष्ट्रध्वज रंगविलेली ही गाडीच चित्रपटाचा आशय वाहते आणि शेवटी तिच्या जळण्यातूनच स्वप्नभंग व्यक्त होतो. शिवाय चित्रपट श्रमाविषयी उदासीन नाही. वायट पंक्चर झालेले चाक दुरुस्त करीत असताना शेजारीच घोड्याला नाल ठोकला जातो. दोन कारागिरींना समान प्रतिष्ठा देणारे हे दृश्य चित्रपटातील उत्कृष्ट दृश्यांपैकी एक होय. पडद्यावर श्रमाचा असा गौरव करणारी कलाकृती स्वतःच्या कारागिरांबाबत मौन बाळगते, हा तिच्यातील मूलभूत अंतर्विरोध आहे. स्वातंत्र्याची प्रतिमा ज्यांनी घडविली, त्यांना त्या प्रतिमेत स्थान मिळाले नाही.

चित्रपटासाठी बनविलेल्या चारपैकी तीन गाड्या चोरीस गेल्या. उरलेली मूळ गाडी म्हणून २०१४ मध्ये लिलावात आलेल्या गाडीला साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली. तिच्या अस्सलपणाविषयी वादही झाला. गाडी अस्सल कोणती, याची चर्चा झाली. ती घडविणारे कोण, हा प्रश्न दीर्घकाळ दुय्यमच राहिला.

निष्कर्ष :
‘ईझी रायडर’चे कलामूल्य यामुळे नाकारता येत नाही, मात्र त्यातील स्वातंत्र्याची मर्यादा स्पष्ट होते. दुर्मीळ वस्तूचा इतिहास तिच्या किमतीपाशी न थांबता ती घडविणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला, तरच तो पूर्ण होतो.