प्रश्नच सोवळ्यात असेल तर

आपल्याकडे कवितेची समीक्षा होते, आत्मकथनाची होते. पाहणीच्या प्रश्नावलीची होत नाही. वास्तविक प्रश्नावली हेही लेखनच आहे. ते कोणाच्या भाषेत लिहिले आणि कोणाला सोयीचे झाले, हे विचारलेच पाहिजे.

2011-12 साली राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठ यांनी देशातील सुमारे 42,000 कुटुंबांची पाहणी केली. तीत पहिला प्रश्न होता: तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते काय? जो 'नाही' म्हणाला त्याला दुसरा प्रश्न: अनुसूचित जातीचा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल काय? दोन्ही मिळून देशात 27 टक्के घरे सापडली. मध्य प्रदेशात 53 टक्के, महाराष्ट्रात अवघी 4. हा 4चा आकडा पुरोगामी महाराष्ट्राचे प्रशस्तिपत्र म्हणून कोणी पुढे केला की मला आमचे रेवदंडा आठवते.

दुसरा प्रश्न घालणाऱ्यांना मी धन्यवाद देतो. पहिल्यावर त्यांचाही विश्वास नसावा! 'अस्पृश्यता' हा घटनेच्या 17व्या कलमातला, 1955च्या कायद्यातला शब्द. तो उच्चारून विचारणे म्हणजे 'तुम्ही गुन्हा करता काय' असे विचारणे. घरात हा शब्द कोणीच वापरीत नाही. घरात विटाळ असतो, सोवळे असते, 'आमच्यात चालत नाही' असते.

आमच्या गावातले एक वाडीवाले काका. सुपारीची वाडी, दारात विहीर, माणूस प्रेमळ. मी त्यांना सरळ विचारले, "काका, तुमच्याकडे अस्पृश्यता पाळतात?"

"छे हो गुरुजी! ती कधीच गेली."

"मग आमच्या वस्तीतली बाई तुमच्या पाट्यावर मसाला वाटील?"

काका थोडे थांबले. "तसं नाही... पण तिलाच अवघडल्यासारखं होईल, नाही का?"

दोन्ही उत्तरे त्यांनी मनापासून दिली. खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. पहिल्या प्रश्नाने त्यांना कायदा विचारला, दुसऱ्याने घर विचारले. आणि घराचे उत्तर देताना त्यांनी आमचाच संकोच पुढे केला, ही तर आणखी वेगळी गोष्ट.

याच जिल्ह्याचा इतिहास पाहा. बोले ठराव 1923चा. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांना खुले केले. त्या वर्षी कोणी 'तळे खुले आहे काय' असे विचारले असते तर महाडचे कागदी उत्तर 'होय' आले असते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि हजारोंनी प्रत्यक्ष पाणी प्यायल्यावर खरे उत्तर आले: मारहाण, आणि तळ्याचे शुद्धीकरण. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

शब्द बदलला की मत बदलते, हे अमेरिकेतही दिसले आहे. सरकार 'वेल्फेअर'वर फार कमी खर्च करते काय, असे विचारले की थोडेच लोक होय म्हणतात. 'गरिबांना मदत' म्हटले की बहुसंख्य होय म्हणतात. मार्टिन गिलेन्स या अभ्यासकाने 1999च्या ग्रंथात दाखविले की पहिल्या शब्दाने गोऱ्या मनासमोर काळा माणूस उभा राहतो. आपणही 1978 ते 1994 'नामांतर' आणि 'नामविस्तार' यांतले अंतर घरे जळताना मोजलेले आहे.

प्यू या संस्थेचा 2021चा अहवाल घ्या. दलित शेजारी म्हणून चालेल, असे दलितेतरांपैकी 72 टक्के म्हणतात. पण आपल्या समाजातील स्त्रियांचे जातीबाहेर लग्न रोखणे फार महत्त्वाचे, असे त्याच पाहणीत एकूण 64 टक्के म्हणतात. वर्तमानपत्र यातला कोणता आकडा मथळ्यात घेईल, त्यावर देशाची प्रकृती ठरते. शिवाय 'शेजारी म्हणून चालेल काय' या वाक्यात घर त्याचे, चालवून घेणाराही तोच. आम्ही फक्त चालायचे की नाही एवढेच.

आमच्या विद्यार्थ्यांनी रेवदंडा-चौल-नागाव भागात पाहणी करायची म्हटली तर मी त्यांना एवढेच सांगेन: 'अस्पृश्यता' हा शब्द कागदावर आणू नका. सुरुवात आमच्या वस्तीपासून करा आणि विचारा, गेल्या वर्षभरात कोणाच्या घरी कामाशिवाय गेलात? गेलात तर कोठपर्यंत: अंगण, पडवी, ओटी, माजघर, की चुलीपर्यंत? पाणी मिळाले ते कोणत्या भांड्यातून? मग तीच यादी घेऊन काकांकडे जा.