गृहशिक्षणाची योजना आणि 'घर' ही कल्पना : तळोदा परिसराच्या संदर्भात

लहान मुलाच्या शिक्षणाचा प्रारंभ घरीच व्हावा, हा विचार मराठीला नवा नाही. अलीकडे तो पुन्हा मांडला जाऊ लागला आहे, तो मात्र एका विशिष्ट स्वरूपात. तिसऱ्या वर्षापासून मुलाचा दिनक्रम कसा आखावा, भाषा व गणित यांना किती वेळ द्यावा, साधने कोणती आणावीत, याची कोष्टके सिद्ध केली जातात आणि त्यांनाच गृहशिक्षणाची योजना असे नाव मिळते. या कोष्टकांत मुलाचा विचार पुष्कळ असतो. घराचा विचार जवळजवळ नसतो. घर म्हणजे शाळेवाचून रिकामी राहिलेली एक जागा आणि ती शाळेच्या छोट्या प्रतिकृतीने भरून काढावयाची, असे त्यांचे गृहीत दिसते. हे गृहीत कितपत टिकते ते पाहावयाचे असेल, तर ज्या घरांचे चित्र कोष्टककर्त्यांच्या डोळ्यांपुढे कधीच नव्हते अशा घरांकडे वळले पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा तालुक्यात अशी घरे विपुल आहेत. परंतु तेथे जाण्यापूर्वी मराठी वाङ्मयात घरच्या शिक्षणाची जी चित्रे आहेत, त्यांचा परामर्श घेणे उचित होईल. कारण कोष्टके विसरली जातात, चित्रे मनात राहतात.

अशा चित्रांत 'श्यामची आई' हे अग्रगण्य होय. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले व १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. म्हणजे कोकणातील एका घराची ही कथा खानदेशातील विद्यार्थ्यांच्या दीर्घ सहवासानंतर शब्दबद्ध झाली आहे. तळवे मळू नयेत म्हणून जपणाऱ्या मुलाला आई मनाच्या स्वच्छतेकडे वळविते. पाण्याला भिणाऱ्या मुलाला ती पोहावयास लावते. पत्रावळ लावता येत नाही ही त्या घरात लाजेची गोष्ट ठरते. यांपैकी एकाही प्रसंगात धड्याची वेळ ठरलेली नाही. काम निघते आणि कामाच्या पोटी धडा येतो. ज्या अश्रूंसाठी हे पुस्तक प्रसिद्ध आहे त्यांपेक्षा त्याचे शैक्षणिक मोल या रचनेत अधिक आहे, आणि टीकाकारांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

तथापि या पुस्तकाचा गृहशिक्षणाचा आदर्श म्हणून उपयोग करणारे दोन गोष्टी विसरतात. श्यामची अक्षरविद्या, त्याचे गणित, त्याचे इंग्रजी हे सर्व शाळेकडे सोपविलेले आहे. त्यासाठी तो घराबाहेर पडतो. घर आणि शाळा यांच्यात येथे श्रमविभाग आहे, आणि तो आईला मान्य आहे. दुसरी गोष्ट भाषेची. आई ज्या भाषेत रागावते व समजावते, तीच, थोड्या फरकाने, शाळेतील पुस्तकाची भाषा आहे. श्यामला घरातून शाळेत जाताना भाषेचा उंबरठा ओलांडावा लागत नाही. ही सोय इतकी स्वाभाविक वाटते, की ती सोय आहे हेच वाचकाच्या ध्यानात येत नाही.

पंडिता रमाबाईंचे बालपण हे याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई बालपणी कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते कन्येला मुखोद्गत करविले. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. स्थिर असे घरच नव्हते. तरीही शिक्षण अखंड चालले, कारण ते ग्रंथालयावर किंवा जागेवर अवलंबून नसून आईच्या स्मरणावर व पहाटेच्या नियमावर अवलंबून होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले, ही या शिक्षणाची फलश्रुती म्हणून नेहमी सांगितली जाते. तिची दुसरी बाजू मात्र स्वतः रमाबाईंनीच १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात मांडली आहे. दुष्काळ आला तेव्हा पोट भरण्याचा कोणताही व्यवहार कुटुंबातील मुलांना ठाऊक नव्हता. घराने सर्वोच्च विद्या दिली आणि उपजीविकेचे साधन दिले नाही. आईवडील आणि थोरली बहीण त्या दुष्काळाच्या काळात गेली. गृहशिक्षणाच्या इतिहासात एवढे प्रांजळ परीक्षण विरळाच सापडते. (रमाबाई रानडे यांच्या आठवणीही या संदर्भात आठवतात; परंतु तेथील विद्यार्थिनी विवाहिता असल्याने त्यांचा प्रश्न वेगळा आहे.)

आता तळोद्याकडे वळता येईल. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस असलेला हा तालुका पूर्वी पश्चिम खानदेशात, नंतर धुळे जिल्ह्यात होता आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. तळोद्याच्या बाजारात मराठी, अहिराणी, गुजरी आणि हिंदी एकाच वेळी कानी पडतात. पाड्यावरील घरात मात्र मूल भिल्लीच्या एखाद्या बोलीत बोलू लागते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाने १९०७ मध्ये एक संपूर्ण भाग भिल्ली व खानदेशी भाषांना दिला. म्हणजे या बोली अभ्यासकांना अपरिचित होत्या असे म्हणता येत नाही. अपरिचित राहिल्या त्या अंकलिपीला.

एक लहानसे उदाहरण पुरे होईल. भिल्लीच्या अनेक बोलींत मराठीतील 'स'च्या जागी 'ह' उच्चारला जातो. अशा बोलीत वाढलेले मूल सात ही संख्या 'हात' अशी उच्चारू शकते. त्याला मोजता येते. मोजलेल्या वस्तू बरोबर असतात. पण ऐकणाऱ्या मराठी शिक्षकास संख्येऐवजी अवयवाचे नाव ऐकू येते आणि गणित चुकले असा शेरा पडतो. वस्तुतः चूक गणिताची नाही, उच्चाराचीही नाही. ती दोन ध्वनिव्यवस्थांमधील एक नियमित संगती आहे. ही संगती ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक तिचा पूल करील. ज्याला ठाऊक नाही तो तिच्यावरून मुलाची बुद्धी मापील. आता याच घरी शहरातील कोष्टक आणून ठेवले व आईला सांगितले, की तीन ते सहा या वयात मुलाशी रोज एक तास प्रमाण मराठीत बोलावे, तर काय होईल? ज्या भाषेत आईला सर्व काही सांगता येते ती बाजूस ठेवून, जिच्यात थोडेच सांगता येते ती तिला वापरावी लागेल. गृहशिक्षणाच्या नावाखाली घरातील सर्वांत समृद्ध साधन काढून घेण्याचा हा प्रकार होय.

यावर असा आक्षेप संभवतो, की मराठीवाचून या मुलाचे तहसील कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात पदोपदी अडते; मग बोलीचे कौतुक कशाला? आक्षेपातील पूर्वार्ध पूर्णपणे खरा आहे आणि तो सौम्य करण्याचे कारण नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. ज्या मुलाला एका भाषेत गोष्ट क्रमाने सांगता येते, कारण व परिणाम जोडता येतात, ते मूल दुसरी भाषा त्या पायावर शिकते. शिवाय भिल्ली बोली देवनागरीत लिहिता येतात, त्यामुळे घरच्या शब्दांवर शिकलेले अक्षर मराठीत वाया जात नाही. शहादा परिसरातील कवी वाहरू सोनवणे यांनी भिल्ली आणि मराठी या दोहोंत लेखन केले आहे. एक भाषा दुसरीला मारक असती तर ते संभवले नसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मातृभाषा असावे असे म्हणते, आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेचा पुरस्कार करते. कलमातील 'शक्यतोवर' हा शब्द बरेच काही झाकतो, हे वेगळे.

त्याच कायद्याचे १० वे कलम पाल्यास शेजारच्या शाळेत दाखल करण्याचे कर्तव्य पालकांवर टाकते, आणि सहा ते चौदा हे त्याचे क्षेत्र आहे. म्हणून तळोद्यापुरते तरी गृहशिक्षण हे शाळेचा पर्याय म्हणून नव्हे, तर शाळेपूर्वीचे व शाळेबरोबरचे शिक्षण म्हणूनच विचारात घ्यावे लागते. शाळा नाकारण्याची चैन ज्या कुटुंबांना परवडते, त्यांचा प्रश्न निराळा. जेथे पहिल्या पिढीचे मूल शाळेत पोचते आहे तेथे घराने शाळेशी वैर धरणे म्हणजे मुलाचेच नुकसान करणे होय.

या दृष्टीने मराठी प्रदेशातील सर्वांत उपयुक्त प्रयोग पुस्तकांत नसून ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत (आताच्या पालघर जिल्ह्यात) झाला. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे आयुष्यभर चालविले. वारली मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरांमागे जात, तेव्हा शाळा कुरणात गेली. माँटेसरीची महागडी साधने बाजूस ठेवून बिया, शिंपले, खडे, पाने यांवर मोजणी व वर्गीकरण चालले. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन वाचताना जाणवते, की या बायकांनी प्रथम घर पाहिले आणि मग साधन निवडले. 'अंगणवाडी' हा त्यांचा शब्द पुढे सरकारी योजनेने सर्व देशभर नेला. १९७५ नंतर शब्द टिकला. मुलाच्या स्वतःच्या अंगणात शिक्षण जावे हा त्याचा मूळ अर्थ मात्र इमारत, नोंदवही व आहारवाटप यांत पुष्कळसा हरवला. आहाराचे महत्त्व येथे कमी लेखावयाचे नाही. उपाशी मुलाला अंगण काय आणि वर्ग काय, सारखेच.

कोसबाडचा अनुभव तळोद्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु तेथील पद्धत येथे लागू पडते. तळोद्याच्या घरात मोजण्याचे शिक्षण मोहफुलांच्या वेचणीत आहे. वर्गीकरण मिरच्या निवडण्यात आहे. भूगोल अस्तंब्याच्या यात्रेत आहे, जी दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातून डोंगराकडे जाते. कालगणना होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारांपासून चालते. योजना करणाऱ्याने काही नवे निर्माण करावयाचे नसून जे आहे ते नोंदवावयाचे, त्यास नावे द्यावयाची आणि ती नावे हळूहळू मराठीशी जोडावयाची, एवढेच आहे. हे 'एवढेच' सोपे नाही. घरात चालते ते शिक्षण आहे असे घरालाच वाटत नाही. पाटी-पेन्सिल आली की शिक्षण सुरू झाले असे वाटते.

सर्वच घरे सारखी नाहीत, हेही पाहिले पाहिजे. सरदार सरोवराच्या विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन १९९० नंतर तळोदा तालुक्यात झाले. नर्मदाकाठच्या आजोबांना ज्या झाडांची, माशांची, नदीच्या वळणांची नावे ठाऊक होती त्यांतील बरेच काही तापीच्या खोऱ्यातील नातवाच्या डोळ्यांसमोर नाही. येथे परिसर हा पाठ्यक्रम म्हणून चालत नाही. आठवण हाच पाठ्यक्रम होतो. नर्मदेच्या खोऱ्यात १९९१-९२ पासून उभ्या राहिलेल्या जीवनशाळांनी बोलीतील गोष्टींना वर्गात जागा दिली, ती या दृष्टीने फार मोलाची ठरते. जे घर हलविले गेले त्याची योजना आजोबांपासून सुरू व्हावी, आईपासून नव्हे.

आणि शेवटी शिकविणार कोण, हा प्रश्न राहतो. वाङ्मयातील चित्रांत ती नेहमी आई असते. तळोद्याच्या अनेक घरांत दिवसभर लहान मूल सांभाळते ती आठ-दहा वर्षांची बहीण. धाकट्याच्या गृहशिक्षणाची कोणतीही योजना न बोलता तिच्यावर उभी राहते आणि तिची स्वतःची शाळा सुटते. ताराबाईंच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र ठेवली होती ती नेमकी याच कारणासाठी. धाकटा जवळच असेल तर थोरली वर्गात बसू शकते. गृहशिक्षणावरील अलीकडच्या लेखनात या मुलीचा उल्लेख सापडत नाही.

दिवाळीनंतर ज्या घरांतील माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्यांच्याबाबत तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. त्या हिशेबात मूल कोठेच येत नाही. हंगाम संपेपर्यंत या कुटुंबाचे घर म्हणजे फडाजवळची झोपडी. पंडिता रमाबाईंच्या मातेने वाटेवर जे केले त्यातले काय येथे शक्य आहे, हे पाहावयाचे तर पुस्तकांचा विचार सोडून आजी सोबत जाते की पाड्यावर राहते, पहाटे फडावर निघण्यापूर्वी किती वेळ मिळतो, आणि शेजारच्या झोपडीतील कुटुंब कोणती बोली बोलते, येथून चौकशीला आरंभ करावा लागेल.