काँग्रेस विहीर : दोन दिवसांचा इतिहास आणि उरलेली शंभर वर्षं

बेळगावच्या टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर शताब्दीच्या निमित्ताने भरपूर लिहिलं गेलं. त्यातलं हाती आलं तेवढं मी वाचलं. बहुतेक लेखांचा सांगाडा एकच आहे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ चं अधिवेशन, महात्मा गांधींनी भूषवलेलं काँग्रेसचं एकमेव अध्यक्षपद, गंगाधरराव देशपांडे यांची धडपड, 'विजयनगर' नावाची तात्पुरती वसाहत, आणि तिच्या पाण्यासाठी ४,३७० रुपये ३ आणे खर्चून खोदलेली विहीर, म्हणजेच 'पंपा सरोवर'. सगळं खरं. माझी हरकत एवढीच, की लेख इथे संपतात आणि विहिरीचं आयुष्य तर इथून सुरू होतं.

मी मूळचा इंजिनिअर, म्हणून आधी पाण्याचं बोलतो. बेळगावच्या जमिनीत जांभा आहे. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो आणि हळूहळू खाली सोडतो. अधिवेशन डिसेंबरात होतं, तेव्हा झरे जिवंत असतात. त्यामुळे दोन दिवसांची गर्दी भागवणं ही या विहिरीची खरी परीक्षा नव्हतीच. विहिरीची परीक्षा मे महिन्यात होते. मेमध्ये तिच्यात किती हात पाणी राहायचं, हे एकाही लेखात मला सापडलं नाही. खर्च आणे-पैशापर्यंत पाठ आणि पाण्याची पातळी कोरी, याला विहिरीचा इतिहास कसं म्हणायचं?

दुसरी उणीव जास्त टोचते. याच अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावात अस्पृश्यता निवारण परिषद भरली आणि गांधीजी तिथे बोलले. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या निपाणीला बहिष्कृत परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं. म्हणजे त्या काळात पाणवठा हाच वादाचा मुद्दा होता. मग मांडव उतरल्यावर या विहिरीवर कोणाकोणाच्या घागरी आल्या? कोणाला वरून पाणी वाढलं जायचं? आपण 'सर्वांसाठी खुली विहीर' असं सहज लिहून मोकळे होतो. ते खरंही असेल. पण पुराव्याशिवाय लिहिलं, तर ती नुसती आरती झाली.

तिसरी गोष्ट नावाची. मराठी लेखात 'काँग्रेस विहीर', कन्नड लेखात 'पंपा सरोवर', आणि दोघांचीही एकमेकांकडे पाठ. गंगाधररावांना लोक 'कर्नाटक सिंह' म्हणत, आणि त्यांच्या घरची भाषा मराठी. त्या माणसाची विहीर आपण भाषेप्रमाणे वाटून घेतली, याचं मला वाईट वाटतं.

पुढे राकसकोपचं पाणी नळाने घरात आलं आणि शहरातल्या विहिरी विस्मरणात गेल्या. काहींत कचरा पडला, काही बुजल्या. १९९० च्या दशकात टंचाई आली तेव्हा गावाला त्या पुन्हा आठवल्या. जुन्या विहिरींतला गाळ उपसला, त्यात काँग्रेस विहीरही होती. माझ्या मते तिच्या चरित्रातलं हे सगळ्यात मोठं प्रकरण. स्मारक म्हणून तिच्याकडे कोणी गेलं नाही, तहान लागली म्हणून गेले. शताब्दीच्या लेखांत या प्रकरणाला फार तर एक ओळ मिळते.

कपिलेश्वर तलावाचं उदाहरण घ्या. तिथे दरवर्षी गणपती विसर्जनाला गाव लोटतं, म्हणून त्याला फलकाची गरज पडत नाही. वापर थांबला की मग कठडा, रंग आणि फलक येतात. फलकाला माझा विरोध नाही, पण फलक म्हणजे देखभाल नव्हे.

तेव्हा मंडळातल्या मित्रांना एक विनंती. पुढचा निबंध लिहिण्याआधी टिळकवाडीतल्या ऐंशी ओलांडलेल्या बायकांना भेटा. पाणी कोण ओढायचं, कोण थांबायचं, कुठल्या साली तळ दिसला, हे त्यांना माहीत आहे. सभेची भाषणं छापलेली आहेत, ती कुठे जात नाहीत. या आठवणी मात्र कुठेच छापलेल्या नाहीत.