गोळी चुकली, घाट मात्र तिथंच

मागच्या रविवारी लोहगड उतरून लोहगडवाडीत पिठलं-भाकरीची वाट बघत आम्ही पाच जण बसलो होतो. सगळेच विज्ञानकथांचे वेडे, त्यामुळे विषय ठरलेला: समजा, पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर? एक म्हणाला, आपण एक्सप्रेसवेचा टोल होनांत भरला असता. दुसरी म्हणाली, लंडनला मराठीचे क्लास चालले असते. तिसऱ्याने भाकरी मोडत सांगितलं, "काही झालं असतं तरी पुण्याचं ट्रॅफिक हेच असतं!"

सगळे हसले. पण संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं. का ते सांगतो.

हा 'समजा'चा खेळ जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत खेळून दाखवलाय. (अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकातली 'द ॲडव्हेंचर' ती हीच.) इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर वेगळ्याच भारतात जाऊन पोचतात. तिथं १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांची गोळी थोडक्यात हुकलेली असते. मराठे जिंकलेले, इंग्रज मुंबईपुरते उरलेले. पंत पुण्याहून रेल्वेने मुंबईला निघतात. बाहेर कारखान्यांच्या वसाहती नाहीत, लोणावळा मात्र येतं आणि पुढचा घाटही आपल्या ओळखीचाच.

मला तो घाट फार आवडतो. लेखकाने एक गोष्ट बदलली, तिचे परिणाम जिथवर पोचतात तिथवर नेले आणि जिथं पोचायचं कारण नाही तिथं हात लावला नाही. डोंगराला लढाई कोण जिंकलं याच्याशी काय देणंघेणं? शिवाय पंत परततात तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या इतिहासाचं एक फाटकं पान असतं. म्हणजे दाव्याबरोबर पुरावाही आला.

आता तक्रारी. शेवटी पंतांचे मित्र कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि क्वांटम सिद्धांत समजावतात, तेव्हा कथा थांबते आणि तास सुरू होतो. दुसरी तक्रार मोठी आहे. सगळा भार एका गोळीवर टाकलाय. पानिपतावर मराठ्यांची रसद आधीच तुटली होती, माणसं-जनावरं उपाशी होती. गोळी हुकली असती तरी पोट रिकामंच राहिलं असतं. गोळी हे कारण होतं की निमित्त, हे कथा विचारत नाही. आपण विचारायला हवं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागलीये म्हणून सांगतोय. माझ्या पहिल्या आराखड्यात प्रश्न होता: पवना धरण झालं नसतं तर पवन मावळातली शेती कशी असती? मी धरण काढलं. त्याच्याबरोबर नकळत एक्सप्रेसवे काढला, शहराकडे जाणारी माणसंही गावात थांबवली. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं: "तुम्ही नेमकं काय बदललंत?" सहा महिन्यांचं काम पुन्हा केलं. माझ्या आराखड्यात बदल भरपूर होते, घाट एकही नव्हता.

अजून एक. लोहगडावर सोळा कोनांची बाव आहे, नाना फडणवीसांनी बांधलेली. नानाही पानिपतात होते, वय एकोणिसाच्याही आत, आणि ते वाचले. 'विश्वासराव वाचले असते तर' असं आपण हजारदा विचारतो. 'नाना वाचले नसते तर' असं त्या दिवशी त्या बावेवरून येऊनही आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. जे हातचं गेलं त्याचाच प्रश्न पडतो, जे टिकलं ते गृहीत धरलं जातं. विदा गोळा करतानाही आपण हेच करतो: धरणात गेलेली शेतं मी मोजली, धरणाच्या पाण्याने भिजलेली कितीतरी दिवस मोजलीच नव्हती.

तेव्हा गप्पा जरूर मारा, संशोधनाचे बरेच प्रश्न तिथंच सुचतात. फक्त आराखडा लिहायला बसलात की तीन ओळी आधी लिहा: मी काय बदललं, काय तसंच ठेवलं आणि माझ्या खिशात कुठलं पान आहे. तिसरी ओळ कोरी राहिली तर तूर्तास भाकरी खा, आराखडा नंतर.